फाशी सुनावली, अपील फेटाळलं, आता पुढे? आफ्रिकेतल्या मानवी हक्क यंत्रणांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार मॅडम. आमच्या जवळच्या मित्राला टांझानियात खुनाच्या केसमध्ये फाशी सुनावलीये, आधी हायकोर्टाने आणि आता कोर्ट ऑफ अपीलनेही तीच कायम केली. तिथला वकील म्हणतो की राष्ट्राध्यक्षांकडे दयेचा अर्ज सोडला तर आता हातात काहीच नाही. पण मी वाचलं की आफ्रिकेचं मानवी हक्क कोर्ट अरुशाला, म्हणजे टांझानियातच आहे आणि त्याने फाशीविरुद्ध निकालसुद्धा दिलाय. मग सरळ तिथेच नाही का जाता येणार? घरचे पार खचलेत हो.

उत्तर: वकिलाचं म्हणणं अर्धंच खरं आहे. देशातले रस्ते संपले असतील, बाहेरचे नाही संपले. पण अरुशाबद्दल जे वाचलंत त्यात एक मोठी अडचण आहे ती आधी सांगते, कारण चुकीच्या दारात उभं राहून महिने घालवणं तुम्हाला परवडणारं नाही.

निकाल तुम्ही वाचलात तो बरोबर आहे. 28 नोव्हेंबर 2019 ला आफ्रिकन कोर्टाने टांझानियाच्या काही कैद्यांच्या केसमध्ये सांगितलं की खून सिद्ध झाला की फाशीच, दुसरा पर्यायच नाही, हा जो पीनल कोडच्या कलम 197 चा नियम आहे तो जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पण त्याच्या बरोबर आठवडाभर आधी टांझानियाने आपलं डिक्लेरेशन मागे घेतलं होतं. हे डिक्लेरेशन म्हणजे काय, तर कोर्टाच्या प्रोटोकॉलच्या, म्हणजे ज्या कराराने हे कोर्ट उभं राहिलं त्याच्या, आर्टिकल 34(6) खाली देश लिहून देतो की आमच्याविरुद्ध व्यक्ती किंवा संस्था थेट या कोर्टात येऊ शकतात. ते नसेल तर एकट्या माणसाचा अर्ज कोर्ट घेतच नाही. मागे घेतल्याचा परिणाम एक वर्षाने होतो, म्हणजे 22 नोव्हेंबर 2020 पासून टांझानियाविरुद्ध नवीन वैयक्तिक अर्ज बंद. त्याआधी दाखल झालेल्या केसेस मात्र चालूच राहिल्या आणि फाशीच्या बऱ्याच केसेसचे निकाल त्यानंतर आले, म्हणून बातम्या वाचणाऱ्याला वाटतं की दार अजून उघडं आहे. रवांडा 2016 मध्येच बाहेर पडला होता, बेनिन आणि आयव्हरी कोस्ट 2020 मध्ये, ट्युनिशियाने 2025 मध्ये तसंच केलं. कोर्ट ज्या देशात बसतं त्याच देशातल्या फाशीच्या कैद्याला तिथे सरळ जाता येत नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

तर तुमचं दार बांजुलला आहे, गांबियाची राजधानी. 1987 मध्ये सुरू झालेल्या आफ्रिकन मानवी हक्क कमिशनचं कार्यालय तिथे आहे. आफ्रिकन चार्टर, म्हणजे आफ्रिकन देशांचा मानवी हक्कांचा करार, 1981 मध्ये मंजूर झाला, 1986 मध्ये लागू झाला आणि मोरोक्को सोडून आफ्रिकन युनियनचे सगळे देश त्यात आहेत, टांझानियासुद्धा. कमिशनकडे जायला कुठलंही वेगळं डिक्लेरेशन लागत नाही. आणि टांझानिया कोर्टाच्या प्रोटोकॉलमधून बाहेर पडलेला नाही, फक्त ते डिक्लेरेशन काढलंय, त्यामुळे कमिशनला वाटलं तर कमिशन स्वतः केस कोर्टाकडे पाठवू शकतं. असं झालेलंही आहे. लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याचा मुलगा सैफ अल-इस्लाम याची केस लिबियाविरुद्ध कमिशननेच कोर्टात नेली, वकिलाशिवाय एकांतात डांबलेला आणि 2015 मध्ये त्रिपोलीच्या कोर्टाने गैरहजेरीत फाशी सुनावलेली. 2016 मध्ये कोर्टाने लिबियाविरुद्ध निकाल दिला. लिबिया बचावाला आलीच नाही.

आता मांडायचं काय. बरेच जण इथेच चुकतात, आमचा माणूस निर्दोष आहे एवढंच पानंच्या पानं लिहितात. कमिशन काय किंवा कोर्ट काय, पुरावा पुन्हा तपासणारं वरचं अपील कोर्ट म्हणून ते बसत नाहीत. 2019 च्या केसमध्येही कैद्यांनी सुटका मागितली होती ती मिळाली नाही, मिळालं ते असं की जन्मठेप द्यायची की फाशी की आणखी काही, हे ठरवायची संधी न्यायाधीशाला द्या, त्यासाठी वर्षभरात कायद्यातून सक्ती काढा आणि या लोकांच्या शिक्षेची सुनावणी परत घ्या. कोर्टाचं कारण वाचण्यासारखं आहे. चार्टरचं आर्टिकल 4 म्हणतं की कुणाचाही जीव मनमानी पद्धतीने घेता येणार नाही. कायद्यात शिक्षा लिहिलेली आहे, योग्य कोर्टाने दिलीये, इथपर्यंत ठीक. पण ज्या सुनावणीत आरोपीचं वय, मनाची अवस्था, गुन्ह्यात त्याचा वाटा किती हे बघायची न्यायाधीशाला परवानगीच नाही ती सुनावणी न्याय्य म्हणता येत नाही, आणि अशा सुनावणीतून घेतलेला जीव मनमानीच ठरतो. शिवाय गळफास लावून मारण्याची पद्धत आर्टिकल 5 मधल्या माणसाच्या प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे असंही त्याच निकालात आहे. हे दोन मुद्दे तुमच्या मित्राला जसेच्या तसे लागू होतात, त्याने गुन्हा केला असो वा नसो.

तिसरा मुद्दा आर्टिकल 7, म्हणजे न्याय्य सुनावणीचा हक्क, आणि इथे मात्र तुम्हाला केसची फाइल चाळावी लागेल. वकील कधी मिळाला? सुनावणीच्या दिवशीच भेटला का? कबुलीजबाब कुठे आणि कशा अवस्थेत घेतला? कोर्टातली भाषा त्याला समजत होती का, दुभाषी होता का? अटकेपासून खटला उभा राहायला किती वर्षं गेली? यातलं काय अपिलात मांडलं होतं तेही बघा, कारण देशातल्या कोर्टांना संधी दिलेली असावी अशी अट आहे.

आणि पहिल्याच दिवशी, मूळ अर्जाबरोबरच, अंतरिम आदेश मागा की निकाल लागेपर्यंत फाशी देऊ नका. टांझानियात 1994 नंतर कुणाला फाशी दिलेली नाही हे खरं, तरी मागाच. शिक्षा कागदावर जिवंत आहे तोवर उद्याचं कुणी सांगू नये.

प्रश्न: परदेशी माणसाला हे लागू होतं का? आणि अर्ज आम्ही इथून करू शकतो का, की तिथला वकील लागेलच?

उत्तर: नागरिक असायची अट नाही, देशाच्या हद्दीत जो आहे त्या प्रत्येकाला चार्टर लागू. अर्ज कैद्याने स्वतः करायला हवा असंही नाही, नातेवाईक, मित्र, संस्था कुणीही करू शकतं. वकील सक्तीचा नाही, पण या कामातला मिळत असेल तर जरूर घ्या. फाशीविरोधात काम करणाऱ्या संस्था अशा केसेस कित्येकदा पैसे न घेता लढतात.

अटी आर्टिकल 56 मध्ये आहेत. अर्ज करणाऱ्याचं नाव हवं (गुप्त ठेवा अशी विनंती करता येते), देशाबद्दल अपमानास्पद भाषा नको, नुसत्या पेपरातल्या बातम्यांवर अर्ज उभा नको, दुसऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने तो आधीच निकालात काढलेला नको. सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते देशातले उपाय संपवले नाहीत म्हणून. तुमच्या बाबतीत कोर्ट ऑफ अपीलचा निकाल झालाय म्हणजे नेहमीचा शेवटचा उपाय झाला, रिव्ह्यू किंवा घटनात्मक याचिका हे टांझानियात विशेष उपाय आहेत आणि ते केलेच पाहिजेत असं आफ्रिकन कोर्टाने कैद्यांकडून मागितलेलं नाही. मग वेळेचा मुद्दा. चार्टरमध्ये दिवस मोजून दिलेले नाहीत, वाजवी काळात एवढंच आहे. तुरुंगात असलेल्या, गरीब, कायदा न कळणाऱ्या माणसाला थोडी सवलत मिळते हे खरं, पण त्या भरवशावर राहू नका, सहा महिन्यांच्या आत पाठवाच. आणि परदेशी नागरिक असेल तर अटकेनंतर त्याच्या दूतावासाशी संपर्काचा हक्क त्याला सांगितला होता का हे आजच विचारून घ्या, 1963 च्या व्हिएन्ना कराराचा तो हक्क आहे आणि पोलिस तो सांगायला हमखास विसरतात.

प्रश्न: मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कमिशनचं कुणी ऐकतं का खरंच? केन सारो-विवाची केस शिकलो आणि मन उडालं.

उत्तर: मन उडणं साहजिक आहे. नायजेरियातले लेखक आणि कार्यकर्ते सारो-विवा आणि तिथल्या ओगोनी लोकांच्या चळवळीतले आणखी आठ जण, लष्करी राजवटीच्या खास ट्रायब्युनलसमोर खटला, वर अपील नाहीच, शिक्षा कायम करणार लष्करी परिषद. कमिशनने नायजेरियाला फाशी थांबवायला सांगितलं होतं. 8 नोव्हेंबर 1995 ला परिषदेने शिक्षा कायम केली आणि 10 तारखेला पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात नऊही जणांना फासावर चढवलं. कमिशनचा निकाल आला 31 ऑक्टोबर 1998 ला, तीन वर्षांनी. खटला आर्टिकल 7 मोडून चालला म्हणून त्यातून घेतलेले जीव आर्टिकल 4 चा भंग, आणि थांबा सांगूनही न थांबणं हा आर्टिकल 1 चा, म्हणजे चार्टर पाळायच्या बंधनाचा, वेगळा भंग. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल पायाचा दगड आहे, आज अंतरिम आदेश मागताना प्रत्येक वकील तो दाखवतो. पण त्या नऊ घरांना त्याचं काय करायचं होतं, हा तुमच्या मनातला प्रश्न माझ्याही मनात आहे.

पण त्याच्या जरा आधीची दुसरी नायजेरियन केस पण वाचा. निवृत्त मेजर जनरल झमानी लेक्वोट आणि सहा जण, तसंच ट्रायब्युनल, तसंच अपील नाही. कमिशनने थांबायला सांगितलं, देशातही कोर्टात लढाई झाली, आणि फाशीची शिक्षा पाच वर्षांच्या कैदेत बदलली. तेच सरकारी यंत्र, तोच कायदा, आणि माणसं वाचली. ती एकट्या कमिशनमुळे वाचली असं मी म्हणणार नाही. तिथल्या वकिलांनी लागोसच्या हायकोर्टात आफ्रिकन चार्टर हा आपल्याच देशाचा कायदा आहे असं सांगून फाशी रोखायला लावली, बाहेरून दबाव आला, सगळं एकाच वेळी. माझं मत विचाराल तर हे सगळं एकत्र चाललं तरच काही होतं, बांजुलला पाकीट टाकून वाट बघत बसलेल्या केसेसचं फारसं चांगलं झालेलं दिसत नाही.

बोत्सवानाची फॅक्सची केस माहितीये का? दक्षिण आफ्रिकेची एक महिला, बोत्सवानात खुनाबद्दल फाशी. मार्च 2001 मध्ये कमिशनकडे अर्ज गेला, 27 मार्चला कमिशनच्या अध्यक्षांनी राष्ट्राध्यक्षांना फाशी थांबवा असं पत्र फॅक्सने पाठवलं, आणि 31 मार्चला तिला फाशी दिली. नंतर कमिशनसमोर सुनावणीत प्रश्न आला की तो फॅक्स राष्ट्राध्यक्षांना मिळाला होता का? मिळाल्याचा पुरावा कागदपत्रांत नव्हता. कमिशनने म्हटलं की मिळाल्याचं दिसत नाही तर देशाने अवज्ञा केली असं आम्ही म्हणू शकत नाही. एका फॅक्सची पोच नाही म्हणून तो अख्खा मुद्दा गेला. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, अर्ज गेला की त्याच दिवशी परराष्ट्र खातं, अॅटर्नी जनरल, तुरुंगाचे अधिकारी, राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, प्रत्येकाला प्रत द्या, हाताने द्या, शिक्का आणि सही घ्या, ईमेल वेगळी करा. कमिशनचा आदेश आला की तोही तसाच पोचवा, कमिशनच्या भरवशावर राहू नका.

बोत्सवानाच्याच पुढच्या दोन केसेस बघितल्यात तर दिसेल की कायदा कुठून कुठे आला. 2003 मध्ये फाशी झालेल्या माणसाच्या केसचा निकाल 2011 ला, 2006 मध्ये फाशी झालेल्याचा 2015 ला. 2015 च्या निकालात कमिशनने म्हटलं की गळफास हाच आर्टिकल 5 चा भंग आहे, आणि घरच्यांना न कळवता गुपचूप फाशी देणं हाही. नऊ वर्षं! ज्याच्यासाठी मागितलं तो तेव्हा नव्हता. पण 2019 ला अरुशाच्या कोर्टाने गळफासाबद्दल जे म्हटलं ते याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे. त्याच 2015 मध्ये कमिशनने जगण्याच्या हक्कावर जनरल कॉमेंट नंबर 3 (चार्टरमधल्या हक्काचा अर्थ सांगणारी टिप्पणी) काढली, त्यात स्पष्ट आहे की सक्तीची फाशी कधीच नाही, लष्करी कोर्टाने फाशी द्यायची नाही, आणि चार्टरमध्ये फाशीला परवानगी देणारं एकही वाक्य नाही. परीक्षेत नाही आलं तरी वाचून ठेवा, फार मोठी नाहीये.

प्रश्न: नायजेरियातल्या कैद्यासाठी पण कमिशनच का? कोर्ट नाही का दुसरं?

उत्तर: आहे, आणि चांगलं आहे. नायजेरियाने आफ्रिकन कोर्टासाठी ते डिक्लेरेशन कधी दिलंच नाही, पण अबुजाला इकोवासचं कोर्ट आहे, पश्चिम आफ्रिकेच्या देशांचं. 2005 च्या प्रोटोकॉलनंतर तिथे माणूस सरळ जाऊ शकतो आणि मुख्य म्हणजे देशातली कोर्टं आधी संपवायची अट तिथे नाही. फक्त अर्ज निनावी नको आणि तीच केस दुसऱ्या आंतरराष्ट्रीय कोर्टात चालू नको. फाशीची तारीख डोक्यावर असेल तेव्हा हा फरक फार मोठा ठरतो.

एक केस सांगते. जून 2013, नायजेरियातल्या बेनिन सिटीचा तुरुंग. पाच कैद्यांना फाशीच्या जागी नेलं, चौघांना फाशी दिली, पाचव्याची पाळी आली तेव्हा कागद बघितले गेले आणि कळलं की याच्या आदेशात गळफास नाही, गोळ्या घालून मारायचं लिहिलंय, तशी सोय तिथे नव्हती म्हणून त्याला कोठडीत परत आणलं. चार माणसं डोळ्यासमोर गेलेली आणि हा परत आपल्या कोठडीत. त्याला शिक्षा दिली होती 1995 मध्ये कादुनाच्या दरोडा आणि शस्त्रास्त्र ट्रायब्युनलने, तेही लष्करी राजवटीतलं आणि त्यावरही अपील नाही. त्याच्या वतीने संस्थेने इकोवास कोर्टाकडून फाशी देऊ नका असा आदेश आणला, जून 2014 मध्ये अंतिम निकालही बाजूने लागला, आणि ऑक्टोबर 2014 मध्ये तो सुटून बाहेर आला, कादुनाच्या गव्हर्नरच्या माफीने. कोर्टाचा आदेश आणि माफी असं दोन्ही मिळून झालं ते. याच कोर्टाने 2014 मध्येच आणखी एका मुलीच्या केसमध्ये नायजेरियाविरुद्ध निकाल दिला, गुन्ह्याच्या वेळी ती अठराच्या आतली होती तरी फाशी सुनावली होती.

माली, नायजर आणि बुर्किना फासो जानेवारी 2025 मध्ये इकोवासमधून बाहेर पडले, तिथल्या कैद्यांसाठी हा रस्ता गृहीत धरू नका. आणि पूर्व आफ्रिकेचं कोर्ट, तेही अरुशालाच आहे, तिथे दोन महिन्यांची कडक मुदत आहे आणि मानवी हक्कांचा थेट अधिकार नाही, फाशीच्या केससाठी मी तरी ते पहिलं दार म्हणून सुचवणार नाही.

प्रश्न: लहान मुलं आणि गरोदर बायका यांना तरी सूट आहे ना?

उत्तर: हो. 1990 चा आफ्रिकन बालहक्क चार्टर म्हणतो की अठराच्या आत केलेल्या गुन्ह्याला फाशी सुनवायचीच नाही, आणि तान्ह्या किंवा लहान मुलांच्या आईलाही नाही. 2003 च्या मापुटो प्रोटोकॉलनुसार (चार्टरला जोडलेला स्त्रियांच्या हक्कांचा करार) गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला फाशी देता येत नाही. प्रत्यक्षात भांडण असतं ते वयाच्या पुराव्याचं, जन्मदाखला नसतो, पोलिस अंदाजे वय लिहितात आणि तेच शेवटपर्यंत चालतं. शाळेचं रजिस्टर, बाप्तिस्म्याची नोंद, लसीचं कार्ड, काहीही मिळालं तर जपून ठेवा.

प्रश्न: राग मानू नका, पण ज्याचा खून झाला त्याच्या घरच्यांचं काय? तुम्ही सगळे खुन्याच्याच हक्कांबद्दल बोलता.

उत्तर: राग कशाला मानू, ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांचं दुःख खरंच आहे आणि त्यांना न्याय मिळालाच पाहिजे. पण मलावीत काय झालं बघा. 2007 मध्ये तिथल्या हायकोर्टाने सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली, मग 2015 पासून जुन्या कैद्यांच्या शिक्षेच्या सुनावण्या परत सुरू झाल्या. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याबद्दल माहिती गोळा केली तर निघालं काय, कुणाला गंभीर मानसिक आजार, कुणाला बौद्धिक अपंगत्व, कुणी वर्षानुवर्षं नवऱ्याचा मार खाल्लेली बाई. शंभराहून जास्त लोकांच्या शिक्षा कमी झाल्या, परत फाशी एकालाही झाली नाही. हे सगळे दोषी होते किंवा नव्हते हा वेगळा विषय, पण ज्या कोर्टाने त्यांना मरायला पाठवलं होतं त्याला यातलं काहीच विचारायची मुभा नव्हती. मृताच्या घरच्यांनाही अशा आंधळ्या निकालातून काय मिळतं असं मला मनापासून वाटतं. खून करणाऱ्याला कठोर शिक्षा नको असं कुणीच म्हणत नाहीये.

प्रश्न: मी पहिल्या प्रश्नाचीच वाचक, तुमचं उत्तर पत्राने मिळालं, आभारी आहे. आता अर्ज लिहायला बसलोय, पहिल्या पानावर काय लिहू?

उत्तर: सगळ्यात वर ठळक लिहा: फाशीची केस, अंतरिम आदेशाची तातडीची विनंती. खाली कैद्याचं नाव, तुरुंग, हायकोर्टाच्या आणि कोर्ट ऑफ अपीलच्या निकालाची तारीख, दयेचा अर्ज कुठवर आलाय, फाशीची तारीख ठरली आहे का. मग एकाच परिच्छेदात मागणी, की अर्जाचा निकाल लागेपर्यंत टांझानियाने फाशी देऊ नये. त्यानंतर मोडलेली आर्टिकल्स, 1, 4, 5 आणि 7, प्रत्येकापुढे दोन-तीन ओळी, सविस्तर नंतर देता येतं. 28 नोव्हेंबर 2019 च्या निकालाचा उल्लेख पहिल्या पानावरच करा आणि त्याची प्रत जोडा, कारण कलम 197 बद्दलचा मुद्दा तिथे ठरलेला आहे. अपिलाच्या निकालाची प्रमाणित प्रत अजून मिळाली नसेल तर त्यासाठी अर्ज केल्याची पावती जोडा आणि पाठवून द्या, प्रतीसाठी थांबू नका. इंग्रजी चालतं, स्वाहिलीही चालते. आणि कैद्याची सही असलेलं अधिकारपत्र पुढच्या भेटीतच घ्या, तुरुंगातून सही मिळायला किती दिवस लागतील ते कुणाच्याच हातात नसतं.